दुखण्याची आणेवारी

"चार आणे," भोजराजने सांगून टाकलं आणि तो छपरीच्या वाशांकडे बघत राहिला.

"काका, मी काकूले विचारून राहिली, तुमाले नाही," रिता म्हणाली.

"तिचं तोंड उघडते कुठं, बाई? सकाळी ते मले सांगते, मी तुमाले सांगतो."

रिता ही पवनीच्या दवाखान्यातली नर्स. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही असं मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलेलं असतं, अशा माणसांच्या घरी जायचं आणि त्यांचं दुखणं तेवढं हलकं करायचं, हे तिचं काम. दर बुधवारी ती स्कूटीवरून आसगावला यायची. भोजराजची बायको कुंताबाई हिच्या गालात कॅन्सर होता. लग्नाआधीपासून सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू घासायची सवय, तंबाखूच ती. नागपूरला ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, वर्षभर बरं गेलं आणि गाठ पुन्हा आली. या खेपेला नागपूरच्यांनी हात टेकले होते.

कुंताबाई खाटेवर बसली होती, पाठीशी घडी केलेली वाकळ लावून. उजवा गाल कानापासून गळ्यापर्यंत सुजून तकतकीत झाला होता आणि त्या सुजेने तिकडचा डोळाही निम्मा मिटला होता. उरलेल्या दीड डोळ्याने तिने नवऱ्याकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं आणि मान हलवून चार आण्यांवर शिक्कामोर्तब केलं. रिताने वहीत लिहून घेतलं.

आण्यांचं हे प्रकरण भोजराजनेच सुरू केलं होतं. रिता पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं होतं, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तर किती?" कुंताबाई गोंधळली. दुखण्याला कोणी नंबर देतं का, शाळेतल्या पोराला दिल्यासारखा? तेव्हा भोजराज म्हणाला, "आण्यात सांग. धानाचं सांगतो तसं." तिला लगेच उमगलं. आण्याची नाणी केव्हाच बुडाली, पण या पट्ट्यात धानाचं पीक अजून आण्यांतच तोललं जातं. सोळा आणे म्हणजे कोठ्या भरून, आठ आणे म्हणजे निम्मं, चार आणे म्हणजे नुसती तणस, हाती पेंढाच. रिता तुमसरची, राइस मिलांच्या गावची. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही.

आणि आणेवारीत भोजराजचा हात धरणारा आसगावात कोणी नव्हता. बांधावरून एक चक्कर मारली, एखादी लोंबी तळहातावर चोळली, की तो आकडा सांगायचा आणि मळणी झाली की तेवढाच धान निघायचा. पण हा झाला घरचा आकडा. गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्या वर्षी पीक बघायला साहेब आले होते, तेव्हा गावाने पहिल्यांदा त्याला पुढे केलं, आणि साहेबाच्या समोर भोजराजच्या बारा आण्यांचे सहा झाले. पीक कमी लागलं तर गावाला काही ना काही सवलत मिळते. साहेबाला खरं सांगायला तो काय आपला सोयरा लागतो? त्यानंतर दर वर्षी तेच. जिभेला हाड नसतं म्हणतात, भोजराजच्या जिभेला तर सरकारी माणूस दिसला की आपोआप निम्म्यावर यायची खोडच लागली होती.

त्या बुधवारी सकाळी कुंताबाईने त्याला तीन बोटं दाखवली होती. एक बोट म्हणजे चार आणे. तीन बोटं म्हणजे बारा आणे. नर्सपुढे त्याने त्यांचे निम्मेही ठेवले नव्हते, आणि हे गेले तीन आठवडे चाललं होतं.

तीन आठवड्यांपूर्वीच रिता जाता जाता बोलून गेली होती, "अर्ध्याच्या वर दुखाले लागलं तर सांगा बरं. मोठी गोळी सुरू करावी लागते, कदाचित भंडाऱ्याले भरती पण करतीन." नवरा-बायको दोघांनीही ते ऐकलं आणि दोघांनीही आपापला विचार केला. भोजराजला मोठ्या गोळीची धास्ती होती. गल्लीतल्या आनंदाबाईला उन्हाळ्यात ती गोळी सुरू झाली आणि नवव्या दिवशी ती गेली. गोळीनेच गेली, असं अख्ख्या गावाचं मत होतं.

कुंताबाईचा विचार वेगळा होता. रिताची स्कूटी वळणाआड गेल्यावर ती एकेक शब्द चाचपत बोलली होती, "मंडई होऊ द्या. मंग न्या कुठं न्यायचं ते."

दिवाळी सरली की इकडे गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्राच ती. दुकानं लागतात, दंडारीची पार्टी नाचत येते, सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरेधायरे येतात. आसगावची मंडई भरते ती नेमकी भोजराजच्या घरापुढच्या चौकात. लग्न होऊन आल्यापासून कुंताबाई त्या दिवशी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसायची आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला हाक मारून पुढे जायचा. यंदाही तिला ओट्यावर बसायचं होतं. "लोकायनं मले खाटेवर नोको पाहाले," एवढंच तिचं म्हणणं होतं. तिने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं, त्यामुळे भोजराजला ते नाकारता येईना. आता मंडई शनिवारवर आली होती.

रिताने वही मिटली. "गाल लय लाल दिसून राहिला, काका. रात्री झोपतात ना?"

"झोपते ना. मस्त झोपते."

रिता हात धुवायला मागच्या दारी गेली. कुंताबाईने खांद्यावरून घसरलेला पदर सावरायला हात वर केला आणि लुगड्याचा काठ गालाला निसटता लागला. काठ तो केवढा, सुताचा. पण तिचं अंग खाटेवरून अर्धी वीत उचललं गेलं. तोंडातून आवाज फुटू नये म्हणून तिने मूठ डाव्या बाजूने ओठांवर दाबून धरली आणि मागच्या दाराकडे बघत राहिली, नर्सला ऐकू गेलं की काय म्हणून. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, ते तिच्या हातात नव्हतं.

भोजराजने हे पाहिलं. रात्री-बेरात्री त्याने याहून जास्त पाहिलं होतं. तीन महिने ही बाई आडवी झाली नव्हती, बसल्या बसल्या गुडघ्यांवर कपाळ टेकून रात्र काढत होती. पण चोरासारखी घाबरून दाराकडे बघताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. आपण बायकोला आपल्याच घरात चोर करून ठेवलं, असं त्याला वाटलं.

रिता स्कूटीला किल्ली लावत होती तेव्हा तो अनवाणीच तिच्या मागे आला.

"बाई, थांबा. मी खोटा सांगतलो."

"काय खोटं?"

"चार नोहोय. बारा आणे. राती सोळा होते. तीन हप्ते झाले."

रिताने किल्ली काढली. मग स्कूटी स्टँडवर लावून ती म्हणाली, "काहून असं केलं, काका?"

भोजराजने मंडईचं सांगितलं, आनंदाबाईचं सांगितलं. त्याचं त्यालाच ते पोरकट वाटायला लागलं, म्हणून शेवटी तो म्हणाला, "सरकारी मानसाले कमीच सांगाची आदत हाय, बाई. जीभ वळतच नाही."

"पीक कमी सांगितलं तर सरकारकडून काही भेटते," रिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "दुखणं कमी सांगितलं तर काय भेटते, काका? काकूले काय भेटलं?"

रिताने तिथूनच भंडाऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला, आत जाऊन कुंताबाईचा ताप पाहिला, हाताची पालथी बाजू गालाजवळ नुसती धरली. गालाची धग न शिवताही लागत होती. कुंताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खाली मान घातली. आपला नवरा फितूर झाला, हे तिला तेवढ्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने भोजराज भंडाऱ्याला गेला. डॉक्टर तरुण होते, तिकडे लातूरकडचे. त्यांनी रिताने पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले, ताप किती, गिळता येतं का, पू येतो का, सगळं विचारलं.

"डॉक्टरसाहेब, गाठ वाढली म्हून दुखणं वाढलं का?" भोजराजने काळजावर दगड ठेवून विचारलं.

"गाठ थोडी वाढली असेल. पण आत्ता दुखतंय ते जास्त करून सुजेमुळे. काटा रुतला की त्याच्याभोवती लाल होतं, गरम होतं, ठणकतं. शरीर काट्याशी भांडत असतं. काटा निघाला की भांडण मिटतं. इथं गाठ निघत नाही, त्यामुळे भांडणही मिटत नाही. त्या भांडणात भोवतीचं मांस सुजतं, नसा दबतात, आणि त्या इतक्या हळव्या होतात की कपडा लागला तरी चटका बसल्यासारखं होतं."

भोजराजच्या डोळ्यांपुढे लुगड्याचा काठ आला. मग तो म्हणाला, "म्हंजे तुडतुड्यावानी."

"तुडतुडा म्हणजे?"

"धानाचा किडा, साहेब. बुंध्याशी बसते, पाण्याच्या वर. वरून पाहाल तं दिसत नाही. पर थो बसला का भवतालचा धान जळते. गोल गोल चट्टे पडते, कोनी इस्तू लावल्यावानी. किडा एवढासा, जळते किती!"

डॉक्टरांनी ते मन लावून ऐकलं. "तसंच समजा," ते म्हणाले. "फक्त एक आहे, काका. हा किडा आता मरणार नाही. ते नागपूरला सांगितलंय तुम्हाला."

"हाव."

"भोवतीचं जळणं मात्र कमी करता येतं. ही बारीक गोळी सुजेची, सकाळी खाऊन झाल्यावर द्यायची. आजची पहिली घरी पोचल्यावर लगेच द्या. ही पोटाची. आणि ही मॉर्फिन, दुखण्याची. वेळेवर द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. तोंड उघडत नसेल तर पाण्यात विरघळवून चमच्याने."

भोजराजने गोळ्यांची पुडी हातात घेतली आणि ती जड असल्यासारखी धरून ठेवली. "हे आखरीची गोळी ना, साहेब?"

"दुखणं मोठं आहे म्हणून औषध मोठं. मरणाशी त्याचा संबंध नाही. पहिले दोन-तीन दिवस खूप झोपतील. घाबरू नका, साठलेली झोप असते ती. हाक मारली की डोळे उघडतात ना, श्वास नीट चालतोय ना, तेवढं बघा. तसं नसलं तर कितीही वाजता फोन करा."

"आन भरती?"

"भरती कशाला? ताप नाही, पू नाही. घरीच होईल हे. तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर तेव्हाच दिली असती गोळी."

डॉक्टर सहज बोलून गेले. त्यांच्यापुढे अजून दहा माणसं बसलेली होती. भोजराज एसटीत बसला तेव्हा सबंध वाटेवर त्याच्या कानात तेवढंच एक वाक्य वाजत होतं. दोन्हीकडे धान उभा होता, कापणीला आलेला, आणि या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं नाही. तीन आठवडे. एकवीस रात्री. मंडईसाठी सोसलं म्हणावं, तर मंडई आणि गोळी यांचं भांडणच नव्हतं. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण विचारायला आधी खरं सांगावं लागतं.

घरी येऊन त्याने गोळ्या कपात विरघळवल्या आणि चमचा पुढे केला. कुंताबाईने तोंड फिरवलं.

"भरती नाही म्हनते डॉक्टर. घरीच राहाचं हाय. मंडई होते तुही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली, हा आता मला तरी खरं सांगतोय ना, अशा नजरेने.

"तुह्या गळ्याची आन," तो म्हणाला, "आता कोनाजवळच खोटा नाही बोलत मी."

मग तिने ओठ थोडेसे विलग केले. निम्मं औषध गळ्यावर ओघळलं, निम्मं आत गेलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत उजवा डोळा पाऊण उघडला. गालाची तकाकी गेली, त्यावर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या. तिने वाटीभर पेज घेतली आणि वर मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली. त्या तक्रारीने भोजराजला इतका आनंद झाला की तो मीठ आणायला गेला तो परड्यात उभा राहून रडला आणि मीठ न घेताच परत आला. संध्याकाळी तुमसरहून लेक आली, स्वाती. आईला पाहून ती बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "बा, माय त बरी होऊन राहिली!"

"नाही होऊन राहिली, बेटा," भोजराज म्हणाला. "सूज उतरून राहिली." शब्द कडू होते, पण त्याने ते निम्मे केले नाहीत.

शनिवारी स्वातीने आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली, हिरवं कोरं लुगडं नेसवलं. पदर या खेपेला गालावरून गेला आणि कुंताबाईने फक्त डोळे बारीक केले. चौकात सकाळपासून दुकानं लागत होती. चिवड्याची, बांगड्यांची, फुग्यांची. भोजराजने ओट्यावर खुर्ची मांडली, तिच्यावर वाकळ घातली. अजून दंडार यायला वेळ होता.

"तवपर्यंत जराशी लवंडते," कुंताबाई म्हणाली.

ती खाटेवर टेकली. आधी डाव्या कुशीवर झाली, मग उताणी, मग बिचकत बिचकत, पाण्यात पाय घालून बघावं तसा उजवा गाल उशीला लावून पाहिला. थांबली. काही झालं नाही. तिने गाल उशीवर सोडून दिला आणि दोन मिनिटांत ती झोपली.

दुपारी ढोलक्या वाजल्या. दंडारीची पार्टी चौकात शिरली, पायांतल्या घुंगरांनी सगळी गल्ली दणाणून गेली. मंडई कमिटीचा टिकाराम ओट्यावर चढला. "भोजराजभाऊ, वहिनी कुठं हाय? खुर्ची खालीच दिसून राहिली. पोट्टे म्हनते, काकूच्या पुढं पहिला नाच करू."

"झोपली हाय."

"मंग उठवा ना! मंडई काय रोज भरते?"

स्वाती आत गेलीच होती. आईच्या खांद्यावर हात ठेवणार एवढ्यात भोजराजने तिचं मनगट धरलं.

"नोको उठवू."

"बा! मंडईसाठीच त थे एवढी सोसली. पुढच्या सालच्या मंडईले..." ती मध्येच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

भोजराज खाटेकडे बघत होता. उजव्या गालाखाली उशी दबली होती, तोंड थोडं उघडं होतं, कोपऱ्यातून लाळ आली होती आणि कुंताबाईची छाती सावकाश वर-खाली होत होती. उठवावं की नाही, हे त्यालाही सोपं नव्हतं. एवढी एकच गोष्ट तिने मागितली होती आणि ती दाराबाहेर वाजत होती. उठल्यावर ती बोलणार नाही आपल्याशी. कदाचित मनात धरून ठेवील, आणि मनातलं विसरायला फार दिवसही नाहीत. पण असं झोपलेलं त्याने तिला तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"झोपू दे तिले," तो म्हणाला. "ते शिव्या देईन तं मले देईन."

तो बाहेर येऊन टिकारामला म्हणाला, "नाच करा तुमी. ते ऐकून राहिली समजा." मग आत येऊन खाटेजवळ बसला. माणसं येत राहिली. कुंताबाईची बहीण सत्यभामाबाई थेट बपेऱ्याहून आली, दारातून बघून डोळ्यांना पदर लावून पुढे स्वयंपाकघरात गेली. जो यायचा त्याला भोजराज ओठांवर बोट ठेवून दाखवायचा. मध्ये मध्ये आनंदाबाई आठवायची. मग तो हळूच म्हणायचा, "स्वातीची माय," आणि ती न उठता डोळा किलकिला करून पुन्हा मिटायची. एवढ्यावर तो पुन्हा तासभर स्वस्थ बसायचा.

ऊन कलायला लागलं तेव्हा कुंताबाई जागी झाली. बाहेर बांगड्यांचं दुकान आवरत होते, कोणीतरी पोराला हाका मारत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"दंडार?"

"होऊन गेली."

"लोकं?"

"आल्ते. समदे आल्ते. मीच नाही उठवू देलो."

आता शिव्या येतील, म्हणून तो वाट बघत राहिला. कुंताबाईने हात वर नेऊन उजवा गाल चाचपला. उशीच्या अभ्र्याची घडी गालावर उमटली होती, त्या खुणेवरून तिची बोटं पुन्हा पुन्हा फिरली.

"या अंगावर झोपली व्हती मी?"

"हाव."

"दुपारपासून?"

"दुपारपासून."

ओट्यावर हिरव्या लुगड्यातल्या बाईची वाट बघून खुर्ची रिकामीच राहिली होती. ती खाटेवरून तिला दिसत होती. मग तिने पाय पोटाशी घेतले, उशी थोडी ओढून घेतली आणि गाल पुन्हा त्याच जागी ठेवला.

"अवो," ती डोळे मिटूनच म्हणाली, "दार लोटा जरासं. लय कल्ला हाय."

भोजराज उठला. चौकात अजून दोन-चार दुकानं होती, टिकाराम त्याला बघून हात हलवत होता. त्याने टिकारामला हात केला आणि दार लोटून घेतलं.